सुलभा देशपांडे : भूमिकांच्या पलीकडचे काम

अभिनेत्री सुलभा देशपांडे यांच्याविषयी बोलताना त्यांच्या चित्रपटांतील आई-आजीच्या भूमिकांचा आदराने उल्लेख होतो, आणि तो योग्यच आहे; परंतु त्यांच्या कारकिर्दीचे खरे मोल रंगभूमीवर शोधावे लागते, असे मला वाटते. विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकाची नायिका लीला बेणारे त्यांनी १९६७ मध्ये रंगमंचावर उभी केली. खेळ म्हणून सुरू झालेला खटला हळूहळू एका अविवाहित शिक्षिकेच्या खासगी आयुष्यावर उलटतो, तिचा मोकळेपणा विरत जातो आणि अखेरच्या दीर्घ स्वगतात तिचे सारे दुःख उफाळून येते. हा प्रवास पेलणे कोणत्याही अभिनेत्रीसाठी कठीणच. सुलभाताई स्वतः दादरच्या छबिलदास शाळेत शिक्षिका होत्या, हेही येथे नोंदवावेसे वाटते. १९७१ मध्ये सत्यदेव दुबे यांनी केलेल्या चित्रपटातही बेणारे त्यांचीच होती.

त्याच वर्षी अरविंद देशपांडे, अरुण काकडे आणि सुलभाताई यांनी ‘आविष्कार’ ही नाट्यसंस्था स्थापन केली. पुढे छबिलदासच्या सभागृहात प्रायोगिक नाटकांना हक्काची जागा मिळाली, ती या संस्थेमुळे. ‘भूमिका’पासून ‘इंग्लिश विंग्लिश’पर्यंत त्यांनी चित्रपट केले, पण मुलांसाठी ‘चंद्रशाळा’ हा ‘आविष्कार’चा बालनाट्य विभाग उभारून ‘दुर्गा झाली गौरी’सारखे नृत्यनाट्य पिढ्यान्‌पिढ्या चालू ठेवण्यात त्यांनी घातलेले कष्ट मला अधिक मोलाचे वाटतात. १९८७ मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला.