खाडीकाठ सपाट, पण दोन खाड्यांच्या मधे सडा असतो

"समुद्राकाठचा रस्ता म्हणजे सगळा सपाट, रोडबाईक सुसाट जाईल" असं या चर्चेत वर एकाने रोडबाईकबद्दल, म्हणजे बारीक टायरच्या वेगवान सायकलबद्दल, लिहिलंय. मी रत्नागिरीत सायकल चालवतो, म्हणून थोडी भर घालतो. काजळी नदीच्या खाडीवरचा भाट्ये पूल आणि पुढची सुरूची झाडं, तिथपर्यंत खरंच सपाट आहे. पहाटे तिथे सायकल चालवण्यासारखं सुख नाही. पण पावसच्या दिशेने निघालात की चढ लागतो आणि तुम्ही सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर पोचता. पुढे पूर्णगडला मुचकुंदीच्या खाडीशी परत उतरायचं. कोकणाची घडणच अशी आहे: खाडी, चढ, सडा, उतार, पुन्हा खाडी. त्यामुळे मागे मोठी कॅसेट (मागच्या चाकावरच्या गिअरच्या चकत्यांचा संच) हवीच, सगळ्यात मोठी चकती ३२ दाती तरी घ्या.

टायर किती रुंदीचा घ्यावा असं विचारलं होतंत. २५ मिमी चालतो, पण मी २८च सांगेन, हवाही थोडी कमी ठेवून. वळणांवर जांभ्याची बारीक खडी पसरलेली असते, आणि पावसाळ्यात झाडांच्या सावलीतल्या डांबरावर शेवाळ धरतं. तिथे ब्रेक वळणाच्या आधीच दाबा, वळणात नको.

गणपतीपुळ्याला आरे-वारे मार्गे जाणार असाल तर उजाडतानाच निघा. उन्हाळ्यात दुपारनंतर वारा वायव्येकडून येतो, म्हणजे दक्षिणेला रत्नागिरीकडे परतताना तो पाठीशी मिळतो. उलट केलंत तर दम निघेल!

आणि घरी आल्यावर साखळी पुसून तेल घाला, त्याच दिवशी. खारी हवा थांबत नाही.