मदत हवी आहे: कॅरॅव्हानच्या जागेत कार कुठे लावू द्यावी?

आगरातला
नमस्कार. गुहागर तालुक्यात आमच्या आगराच्या (नारळी-पोफळीच्या बागेच्या) मागे मोकळी जमीन आहे आणि गेल्या दिवाळीपासून तेथे आम्ही कॅरॅव्हानने, म्हणजे आत राहण्याची सोय असलेल्या गाडीने, येणाऱ्या पर्यटकांना मुक्कामाला जागा देतो. परवाच्या शनिवारी एका कुटुंबाने आपली कार दोन कॅरॅव्हानच्या मध्ये आडवी लावली, शेजारच्यांनी आपल्या कॅरॅव्हानच्या बाजूचे सावलीचे छत बाहेर ओढले ते थेट त्या कारच्या टपाला टेकले, आणि रात्री साडेदहाला पेटलेला वाद मिटवायला माझ्या वडिलांना अंथरुणातून उठून जावे लागले. येत्या शुक्रवारी आठ कॅरॅव्हान येणार आहेत. कॅरॅव्हान कशी उभी करावी, कार कुठे लावावी आणि मध्ये किती अंतर ठेवावे, याचे नियम मला फलकावर लिहायचे आहेत. कोणाकडे तयार नियम असल्यास कृपया आजच द्यावेत, कारण फलक रंगवणारा उद्या सकाळी येणार आहे.

जुना_चालक
जमीन किती गुंठे आहे, लांबी-रुंदी किती आहे, बेडे (कुंपणाचे फाटक) कोणत्या दिशेला आहे, आणि येणाऱ्या कॅरॅव्हान स्वतःच्या इंजिनवर चालणाऱ्या आहेत की मागे जोडून ओढायच्या? एवढे समजल्याशिवाय अंतराचा आकडा सांगणे म्हणजे अंगाचे माप न घेता सदरा बेतणे आहे.

चिरेबंदी
फलक वाचून कोणी गाडी सरळ लावत नाही, हा माझा अनुभव आहे. प्रत्येक जागेवर चाकांच्या दोन रेषांत जांभ्याचे चिरे जमिनीच्या पातळीत पुरून टाका. गाडी चिऱ्यांवरच उभी राहते, पुळणीच्या रेताड मातीत चाक रुतत नाही आणि कोणाशी वाद घालावा लागत नाही. आमच्याकडे मी हेच केले आहे.

भरतीरेषा
त्याआधी किनारा नियमन क्षेत्राचे, म्हणजे समुद्राजवळच्या बांधकामावरील निर्बंधांचे, पाहिले आहे का? 2019 च्या अधिसूचनेनुसार ग्रामीण भागात, दाट वस्ती असेल तर भरतीरेषेपासून 50 मीटर आणि विरळ वस्ती असेल तर 200 मीटर हा पट्टा बांधकामासाठी निषिद्ध आहे. तिथे चिरे पुरणेसुद्धा अंगाशी येऊ शकते. शिवाय राज्य शासनाने 2021 मध्ये कॅरॅव्हान पर्यटनाचे धोरण आणले आहे, तेही वाचून घ्यावे.

आगरातला
आमची जमीन समुद्रापासून 600 मीटरवर, डांबरी रस्त्याच्या पूर्वेला आहे आणि मी परवान्याविषयी विचारलेले नाही. चिरे पुरायला शुक्रवारपर्यंत गडी मिळणार नाहीत. कॅरॅव्हान नेहमीच्याच आहेत. मला केवळ अंतर आणि कारची जागा हवी आहे.

जुना_चालक
"नेहमीच्या" म्हणजे कोणत्या, हेच तर मी विचारले होते. आपली घाई समजते, परंतु ओढून आणलेली कॅरॅव्हान जीपपासून सोडवली की ती हाताने ढकलून फिरवावी लागते. तिला जागा निराळी लागते.

आगरातला
क्षमस्व. दहा गुंठे आहेत. पूर्व-पश्चिम 121 फूट, उत्तर-दक्षिण 90 फूट. बेडे पूर्वेला, बरोबर मध्यभागी. बाकी तिन्ही बाजूंना गडगा (दगडी कुंपण) आहे. सात कॅरॅव्हान टेम्पो ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर बांधलेल्या आहेत, म्हणजे जेमतेम सात मीटर लांब, आणि एक जीपला जोडून येणार आहे. आठांपैकी चौघांबरोबर वेगळी कार आहे.

रस्ता_आणि_मुक्काम
आता उत्तर देता येईल. मी ब्रिटनमध्ये नोकरीनिमित्त काही वर्षे होतो आणि तिथल्या कॅरॅव्हान क्लबांच्या जागांवर बरेच मुक्काम केले. तिथे दोन कॅरॅव्हानच्या समोरासमोरच्या भिंतींत किमान 6 मीटर अंतर ठेवतात. त्या 6 मीटरमध्ये छत, तंबू किंवा कार येऊ शकते, मात्र काहीही लावले तरी 3 मीटरची सलग पट्टी पूर्ण रिकामी राहिली पाहिजे. हे शिस्तीसाठी नाही, आगीसाठी आहे. एक कॅरॅव्हान पेटली तर तिच्या उष्णतेने दुसरी पेटू नये, हा त्यामागचा हेतू. प्रत्येक जागेवर खुंटी ठोकलेली असते आणि गाडीचा ठरलेला मागचा कोपरा त्या खुंटीला लावायचा असतो. त्यामुळे सगळ्या गाड्यांची तोंडे एकाच दिशेला राहतात आणि कोणाचे दार कोणाच्या दारासमोर येत नाही.

आपल्या शनिवारच्या वादाचे मूळ मला इथेच दिसते. आपल्याकडेही वाहने डावीकडून चालतात, त्यामुळे दार आणि ओढायचे छत डाव्या अंगाला असते. छत अडीच मीटर बाहेर आले की 6 मीटरपैकी साडेतीन उरतात. त्यात शेजाऱ्याने आपल्या उजव्या अंगाला, थोडी फट सोडून, पावणेदोन मीटर रुंदीची कार उभी केली की जेमतेम एक मीटर उरतो. म्हणून एका फटीत एकाचे छत आणि दुसऱ्याची कार ही दोन्ही कधीच बसत नाहीत. आपल्या जागेत कार कॅरॅव्हानशेजारी लावूच देऊ नये. युरोपातील आकृत्या मात्र उतरवून घेऊ नका, कारण तिथे दार उजवीकडे असते.

सागरिका
हे सगळे ठीक आहे, पण कोकणात लोक खाऱ्या वाऱ्यासाठी येतात. आम्ही चार वेळा असे राहिलो आहोत. दार पश्चिमेला नसेल तर दुपारी आत बसवत नाही. सगळ्यांची दारे समुद्राकडेच असावीत, तोंड कुठेही असो. ब्रिटनच्या थंडीतले नियम इथे कशाला?

रस्ता_आणि_मुक्काम
सागरिकाताई, आगीला थंडी-उकाडा नसतो, आणि दुपारी वाहणाऱ्या त्याच वाऱ्याने ज्वाळा पुढच्या छतावर जाईल. परंतु आपले म्हणणे अर्धे तरी साधेल. मध्ये पूर्व-पश्चिम वाट ठेवून दोन्ही बाजूंना ओळी केल्या आणि सगळ्यांची तोंडे वाटेकडे केली, तर दक्षिणेच्या ओळीचे डावे अंग पश्चिमेलाच येते. उत्तरेच्या ओळीची दारे मात्र पूर्वेला राहतील.

जुना_चालक
तोंड वाटेकडे, याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. अडचणीच्या वेळी गाडी अंधारात उलटी काढायला लागू नये. गॅसच्या टाकीचा नियमही फलकावर लिहा. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो गळला तर वर उडून जात नाही, खोलगट जागी साचतो. आळे किंवा पाटाचा खड्डा असेल तिथे गाडी उभी करू नये. ओढून आणलेली कॅरॅव्हान बेड्याजवळच ठेवा.

रस्ता_आणि_मुक्काम
हिशेब असा. 121 फूट म्हणजे सुमारे 37 मीटर. गाडीची रुंदी 2.2 मीटर, मध्ये 6 मीटर आणि दोन्ही टोकांना 3 मीटर सोडले, तर एका ओळीत चार गाड्या बसतात आणि सुमारे 4 मीटर उरतात. उत्तर-दक्षिण 27 मीटरमध्ये गडग्यापासून 3 मीटर सोडून 7 मीटरच्या दोन ओळी धरल्या, तर मधली वाट 7 मीटरहून थोडी अधिक राहते. म्हणजे आठ कॅरॅव्हान बसतात, पण कार एकही नाही.

आगरातला
मनापासून आभार. एक गोष्ट सांगायची राहिली. उत्तरेच्या ओळीत बेड्याच्या बाजूला दोन माड आहेत. आम्हाला ते रोजचे असल्याने लक्षात आले नाही.

चिरेबंदी
माडाखाली काहीही उभे करू नका! नारळ राहू द्या, सुकलेली झावळ पडली तरी काच फुटते.

जुना_चालक
कॅरॅव्हान तर मुळीच नको, कारण आत माणसे झोपतात. गुरुवारी माणूस चढवून नारळ आणि सुक्या झावळ्या उतरवून घेतल्या, तर त्या कोपऱ्यात कार लावता येतील. एका कॅरॅव्हानची जागा, तिच्या बाजूचे 6 मीटर आणि उरलेले 4 मीटर मिळून 12 मीटर होतात. चार कार आणि एक जीप वाटेकडे तोंड करून तिथे दाटीने राहतील.

सागरिका
म्हणजे सातच कॅरॅव्हान. आठव्यांना आजच फोन करून सांगा, शुक्रवारी बेड्यावर आल्यावर सांगू नका. आम्हाला एकदा तसे परत पाठवले होते आणि मुले लहान होती.

आगरातला
आत्ताच फोन केला. त्यांनी पुढचा आठवडा मान्य केला आहे. रंगाऱ्याला चार ओळी दिल्या: मागचा उजवा कोपरा खुंटीला, तोंड वाटेकडे, कार माडाच्या कोपऱ्यात, दोन कॅरॅव्हानमधली 3 मीटर पट्टी रिकामी. खुंट्या ठोकून पट्टीच्या कडेला फक्की (रेषा आखायची पांढरी पूड) मारणार आहे. दव पडल्यावर फक्की पुसली जाते का, आणि तिच्याऐवजी कोणी दुसरे काही वापरले आहे का?

चिरेबंदी
पुसली जाते. म्हणूनच चिरे सांगत होतो. पूर्ण ओळ जमत नसेल तर प्रत्येक कोपऱ्यावर एक चिरा पुरा, सात गाड्यांचे अठ्ठावीस चिरे होतात, दोन माणसांचे अर्ध्या दिवसाचे काम आहे.