स्लोव्हाकियात काय खाल्लंत? अनुभव लिहा

नित्राकर
टाटांच्या जग्वार लँड रोव्हरचा कारखाना २०१८ मध्ये इथल्या नित्रा शहरात सुरू झाला. तेव्हापासून पुण्याच्या ओळखीतलं कोणी ना कोणी इकडे येत असतं आणि प्रत्येकाचा प्रश्न एकच: खायचं काय? मग बरेच जण पिझ्झा आणि सोबतच्या थेपल्यांवर दिवस काढतात. मला याचं फार वाईट वाटतं. मेंढीचं दूध, बटाटा, कोबी, खसखस यांवर उभा राहिलेला हा डोंगरी स्वयंपाक चाखायलाच हवा. इथे राहिलेल्यांनी, फिरून गेलेल्यांनी लिहा.

माझ्यातर्फे एकच सांगतो. कामाच्या दिवशी दुपारी खानावळींबाहेर ‘ओबेडोवे मेनू’ची पाटी शोधा. आधी सूप, मग मुख्य पदार्थ. रात्रीपेक्षा बरंच स्वस्त आणि गावकरी जेवतात तेच जेवण.

रानजाई
ब्रिंडझोवे हालुश्की! आमच्या घरमालकीणबाई लिप्टोव्हकडच्या. त्यांच्या शेजारी उभी राहून शिकले. कच्चे बटाटे बारीक किसायचे, त्यात मैदा, मीठ आणि अंडं. पीठ सैलसर, चमच्यावरून जडपणे ओघळेल इतपत. उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर मोठ्या भोकांची चाळण ठेवून त्यातून ते दाबायचं, बुंदी पाडतो तसं. गोळे वर तरंगले की झाऱ्याने काढायचे आणि ब्रिंडझा, म्हणजे मेंढीच्या दुधाचं मऊ चीज, त्याच पाण्याने थोडं सैल करून कालवायचं. वर खरपूस तळलेल्या स्लानिनाचे, म्हणजे धुरावलेल्या डुकराच्या चरबीचे तुकडे, सुटलेल्या तुपासकट.

वाफाळतं असतानाच खा, गार झालं की घट्ट होतं. चव आंबट-खारट, मेंढीच्या दुधाचा उग्र वास असतोच. बाई म्हणतात, ब्रिंडझा खावा तर मे महिन्यातला, कारण तेव्हा मेंढ्या कोवळ्या गवतावर असतात. ‘स्लोव्हेन्स्का ब्रिंडझा’ या नावाला २००८ पासून युरोपीय संघाचं भौगोलिक संरक्षण आहे आणि त्यात मेंढीचं चीज निम्म्याहून जास्त असावं लागतं. विकत घेताना वेष्टनावर नाव बघून घ्या. सोबत झिन्चित्सा मागा, मेंढीच्या दुधाच्या निवळीचं आंबूस पेय. डोंगरातल्या सालाशवर, म्हणजे मेंढपाळांच्या ठिकाणी, ते ताजं मिळतं.

वारीवेडा
शाकाहारी मंडळींसाठी. हालुश्की मागवताना ‘बेझ स्लानिनी’ म्हणा, म्हणजे चरबीशिवाय. सूप मांसाच्या पाण्यात केलेलं असू शकतं, आधी विचारा. चीज रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारा पदार्थ, घालून करतात, ते वासराच्या पोटातलंही असतं; ज्यांना चालत नाही त्यांनी हेही विचारावं.

बाकी माझं पोट भरलं ते शुलान्त्सेवर: बटाट्याच्या पिठाचे उकडलेले लांबट तुकडे, त्यावर लोणी, वाटलेली खसखस आणि पिठीसाखर. हे तिथे मुख्य जेवण म्हणून खातात. पारेने बुख्ती, आलुबुखाऱ्याचा जॅम भरलेले वाफवलेले गोळे, तेही तसेच.

मीराताई_झिलिना
@रानजाई, अगदी असंच! मी नाताळबद्दल लिहिते. २४ डिसेंबरच्या संध्याकाळी शेजाऱ्यांनी बोलावलं होतं. आधी ओप्लात्की, कागदासारखे पातळ वेफर, मध आणि कच्च्या लसणासोबत. मग कापुस्त्नित्सा, आंबवलेल्या कोबीचं सूप. कोणी त्यात सॉसेज घालतं, कोणी उपवास म्हणून मांस टाळून नुसते सुकवलेले मशरूम आणि सुके आलुबुखारे. शेवटी कार्प मासा आणि बटाट्याचं सॅलड. टेबलावर एक ताट जास्तीचं मांडलं होतं, अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी. आपल्या माणसांत बसल्यासारखं वाटलं हो!

खवय्या
कोरबाचिक. चीजच्या धाग्यांची विणलेली वेणी, साधी किंवा धुरावलेली. धुरावलेलीच घ्या.

सातारी_कंदी
ऑक्टोबरात ब्रातिस्लाव्हाला येतोय. मांसाहारी आहे, काय चुकवू नये?

नित्राकर
स्लोव्हेन्स्की ग्रोबला जा, राजधानीपासून जवळ आहे. शरद ऋतूत हे गाव हंसाच्या, म्हणजे पाळीव ‘गूज’च्या, मेजवानीसाठी प्रसिद्ध. भाजलेला हंस, बरोबर लोक्शे, म्हणजे बटाट्याच्या पातळ पोळ्या, हंसाच्या चरबीने माखलेल्या. आधी फोन करून जागा राखून ठेवा आणि चार-पाच जण मिळून जा, कारण अख्खा हंस एकट्याच्याने संपत नाही.