हांगझोचं बुद्धिबळातलं रौप्य: कौतुक पुरे झालं की अजून कमीच पडलं?

तिरका उंट

नोव्हेंबर २०२५ मध्ये गोव्यात बुद्धिबळाचा विश्वचषक झाला. स्पर्धा आपल्या अंगणात, करंडकाला विश्वनाथन आनंदचं नाव, आणि अंतिम लढत कोणाची? उझबेकिस्तानचा जावोखिर सिंदारोव विरुद्ध चीनचा वेई यी. गुकेश तिसऱ्या फेरीत गारद, प्रज्ञानंद चौथ्या, हरिकृष्ण पाचव्या. अर्जुन एरिगैसी तेवढा उपांत्यपूर्व फेरीपर्यंत टिकला, आणि त्याला बाहेर काढणाराही वेई यीच.

सगळीकडे ‘अनपेक्षित’, ‘धक्कादायक’ असं चाललं होतं. अहो, कसला धक्का? हांगझोच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत (२०२३) पुरुषांच्या वैयक्तिक जलद (कमी वेळेच्या डावांच्या) प्रकारात वेई यीला सुवर्ण, नोदिरबेक अब्दुसत्तोरोवला रौप्य आणि याच सिंदारोवला कांस्य मिळालं होतं. आपले विदित गुजराथी आणि अर्जुन दोघेही पदकाविना परतले. महिलांमध्ये झू जिनरला सुवर्ण, उझबेकिस्तानच्या उमिदा ओमोनोवाला रौप्य, हौ यिफानला कांस्य. आपल्या हम्पी आणि हरिका रिकाम्या हाताने.

सांघिक प्रकारात दोन रौप्यपदकं आली आणि आपण वैयक्तिक प्रकाराचा विषयच बंद केला. तोही ७ ऑक्टोबरला, म्हणजे भारताच्या पदकांनी शंभरी ओलांडली त्याच दिवशी. त्या गदारोळात बुद्धिबळाची बातमी शोधावी लागत होती. गंमत बघा, त्याच दिवशी कबड्डीच्या अंतिम सामन्यात आपण इराणला हरवून सुवर्ण घेतलं आणि पुरुष बुद्धिबळात इराणच्याच मागे दुसरे आलो. कबड्डीवर आठवडाभर चर्चा झाली. बुद्धिबळावर कोणी विचारलंही नाही की मानांकनाने आपण इराणच्या कितीतरी पुढे असताना सुवर्ण तिकडे गेलं कसं.

माझं म्हणणं एवढंच आहे: आशियात आपण दादा आहोत हा समज हांगझोतच मोडायला हवा होता. ऑलिंपियाडच्या (देशांच्या संघांच्या जागतिक स्पर्धेच्या) सोन्याने त्यावर पांघरूण पडलं.

प्याद्याचा वजीर

उंटराव, तुमचा राग समजतो, पण हिशेब एकतर्फी मांडलाय.

आशियाई क्रीडा स्पर्धेत बुद्धिबळ पहिल्यांदा आलं दोह्याला, २००६ मध्ये. तिथे हम्पीने वैयक्तिक सुवर्ण घेतलं आणि शशिकिरण, हरिकृष्ण, हम्पी यांच्या मिश्र संघानेही सुवर्ण घेतलं. २०१० ला ग्वांगझूत पुरुष संघाला आणि हरिकाला कांस्य. पुढे २०१४ आणि २०१८ ला खेळच वगळला. तेरा वर्षांनी परत आला तेव्हा दोन्ही संघांनी रौप्य आणलं. कांस्याहून रौप्य वर असतं, हे मान्य असावं.

आणि पुढचं का नाही सांगितलंत? पाठोपाठ, महिनाभरातच, आयल ऑफ मॅनला ग्रँड स्विस झाली. खुल्या गटात विदित पहिला, महिलांमध्ये वैशाली पहिली. २०२४ ला बुडापेस्ट ऑलिंपियाडमध्ये दोन्ही गटांत सुवर्ण. पुरुषांनी २२ पैकी २१ गुण घेतले आणि तुमच्या त्या इराणला साडेतीन-अर्धा असं धुतलं. डिसेंबरात गुकेश जगज्जेता. २०२५ ला दिव्या देशमुखने बातुमीत महिला विश्वचषक जिंकला, तोही अंतिम फेरीत हम्पीला हरवून. एवढं सगळं बाजूला ठेवून तुम्ही नऊ फेऱ्यांच्या एका स्पर्धेला धरून बसलात.

अडीच घरं

वैयक्तिक प्रकार जलद बुद्धिबळाचा होता, हे विसरू नका. नऊ डाव, स्विस पद्धत (बाद फेरी नाही, दर फेरीत साधारण सारख्या गुणांच्या खेळाडूंची गाठ), एका देशाचे जास्तीत जास्त दोन खेळाडू. त्यात एक डाव घसरला की मागून वर यायला फेऱ्याच उरत नाहीत. शिवाय आशियाचा वरचा थर म्हणजे जवळजवळ जगाचा वरचा थर. अब्दुसत्तोरोव २०२१ चा जलद बुद्धिबळाचा जगज्जेता, वेई यी घरच्या मैदानावर. तिथे पदक हुकलं म्हणून लगेच छाती पिटायची गरज नाही.

तिरका उंट

जलदचं कारण वैयक्तिक प्रकाराला चालेल. सांघिक स्पर्धा तर पारंपरिक वेळेची होती ना? तिथे आपले पाच कोण होते: गुकेश, प्रज्ञानंद, विदित, अर्जुन, हरिकृष्ण. बुडापेस्टला सुवर्ण घेणारे हेच पाच! त्याच संघाला एका वर्षात सोनं मिळतं आणि आदल्या वर्षी इराणच्या मागे राहावं लागतं, तर ‘ताकद नव्हती’ हे उत्तर होऊ शकत नाही.

आणि इराण कुठला? अलिरझा फिरौझा २०२१ पासून फ्रान्सकडून खेळतो. सर्वांत मोठा खेळाडू गमावलेला संघ. परहम मघसूदलू, अमीन तबातबाई ही मंडळी उत्तम आहेत, मघसूदलू २०१८ चा कनिष्ठ जगज्जेताही आहे, पण बोर्डामागून बोर्ड, म्हणजे संघातल्या क्रमाने एकेका खेळाडूची तुलना केली तर आपलंच पारडं जड होतं.

प्याद्याचा वजीर

हेच पाच म्हणता, पण सप्टेंबर २०२३ चा गुकेश आणि सप्टेंबर २०२४ चा गुकेश एक आहेत का? मध्ये टोरांटोची कँडिडेट्स, म्हणजे जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणारी स्पर्धा, जिंकला तो. सतरा वर्षांच्या पोराचं एक वर्ष म्हणजे केवढं असतं! अर्जुनचंही तेच. तुम्ही ज्याला ‘अपयश’ म्हणताय तो वाढीचा टप्पा होता.

कोटातला राजा

सांघिक स्पर्धेत सामन्याचे गुण मोजतात: विजयाला दोन, बरोबरीला एक. बलाढ्य संघाशी दोन-दोन बरोबरी झाली की वाटतं वाचलो. प्रत्यक्षात एक गुण गेलेला असतो, आणि फेऱ्या फक्त नऊ. प्रतिस्पर्धी इतरांना सरळ हरवत गेला तर शेवटच्या दिवशी कितीही मोठा विजय मिळवा, फरक पडत नाही. आपल्या संघाची सवय वरच्या बोर्डांवर सांभाळून खेळायचं आणि खालच्या बोर्डांवर गुण काढायचे अशी आहे. समोर चारही बोर्ड सारखे असले की ही पद्धत अडते. मला यात कोणाचा गुन्हा दिसत नाही.

हत्तीण

महिला संघाबद्दल कोणीच बोलत नाहीये, म्हणून मी बोलते.

२०२३ मध्येच अल्माटीला आशियाई वैयक्तिक स्पर्धा झाली. महिला विजेती कोण? नागपूरची दिव्या देशमुख. सप्टेंबरच्या सुरुवातीला कोलकात्याला टाटा स्टीलची महिलांची जलद स्पर्धा झाली. तिथे दिव्याने जगज्जेती जू वेनजुनला मागे टाकलं. म्हणजे आशियाई विजेती तीच, आणि हांगझोच्याच महिन्यात जलद प्रकारात अव्वलही तीच. मग हांगझोच्या संघात? हम्पी, हरिका, वैशाली, वंतिका अगरवाल, सविता श्री. दिव्या नाही.

पुढच्याच वर्षी बुडापेस्टला तिला तिसऱ्या बोर्डावर बसवलं तर वैयक्तिक सुवर्णासकट संघाचं सुवर्ण आलं. आता सांगा, हांगझोत चीनच्या मागे दुसरं येण्यात निवडीचा काहीच हात नव्हता?

अडीच घरं

ताई, एवढ्या मोठ्या क्रीडा स्पर्धेची नावं आदल्या आठवड्यात देत नाहीत. ती खूप आधी जातात. त्यात ही स्पर्धा मुळात २०२२ ची, कोविडमुळे वर्षभर पुढे ढकललेली. कोलकात्याचा निकाल लागला तेव्हा यादी बदलायला उशीरच झालेला असणार.

आणि हम्पीला वैयक्तिक प्रकारात उतरवणं चूक कसं? ती २०१९ ची जलद बुद्धिबळाची जगज्जेती. २०२४ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कला तिने तेच विजेतेपद पुन्हा घेतलं. मधल्या एका स्पर्धेत तिचा पट बसला नाही, इतकंच.

हत्तीण

हम्पीबद्दल माझी तक्रारच नाही. दोह्याचं सोनं तिचंच आहे. मी पाचव्या खेळाडूबद्दल बोलतेय. कोलकात्याला उशीर झाला हे समजू, पण अल्माटी तर जूनमध्ये झालं होतं. ‘यादी आधीच गेली’ हे कारण दर वेळी तरुण खेळाडूच्याच वाट्याला येतं, अनुभवी खेळाडूचं नाव त्यात कधी अडकत नाही.

एन पासां

पुरुषांतही तोच घोळ. ऑगस्ट २०२३ मध्ये बाकूच्या विश्वचषकात प्रज्ञानंदने टायब्रेकमध्ये कोणाकोणाला काढलं? नाकामुरा, अर्जुन, कारुआना. टायब्रेक म्हणजे जलद आणि अतिजलद डावच. अंतिम फेरीत थेट कार्लसनपर्यंत पोहोचला. आणि महिन्याभराने हांगझोत त्याला जलद प्रकारात न उतरवता फक्त संघात ठेवलं. गुकेश तेव्हा नुकताच आनंदला मागे टाकून देशात अव्वल झालेला, तोही वैयक्तिक प्रकारात नाही. म्हणजे आपले दोन सगळ्यात चर्चेतले खेळाडू पहिले काही दिवस टाळ्या वाजवायला मोकळे.

अडीच घरं

अर्जुनला काढलं ते कसं, तेही लिहा ना. पाच-चार, अगदी शेवटच्या निर्णायक डावात. दोघांत केसाइतका फरक. २०२१ ची कोलकात्याची टाटा स्टील जलद स्पर्धा अर्जुननेच जिंकली होती. त्याला निवडलं तर घोळ, आणि प्रज्ञानंदला निवडून पदक हुकलं असतं तर ‘थकलेल्या पोराला का पाठवलं’ म्हणून तुम्हीच पहिले आला असतात.

तिरका उंट

निवडीचं खापर मला कोणाच्या डोक्यावर फोडायचं नाही. माझा मुद्दा वेगळा आहे. आपण आशियाई पातळीलाच दुय्यम मानतो. आशियाई वैयक्तिक अजिंक्यपदाची आपली यादी बघा: २००९ ला सूर्यशेखर गांगुली, २०११ ला हरिकृष्ण आणि हरिका, २०१६ ला ताश्कंदमध्ये सेतुरामन आणि गोव्याची भक्ती कुलकर्णी, २०१८ ला पद्मिनी राऊत, २०२२ ला दिल्लीत प्रज्ञानंद आणि नंदिधा, मग दिव्या. ही यादी अभिमानाची आहे. तरी यातल्या किती विजयांवर आपल्याकडे कोणी दोन ओळी लिहिल्या? भक्ती आशियाची विजेती होती हे इथल्या किती जणांना आज कळलं?

प्याद्याचा वजीर

मला माहीत होतं. पण हो, इतरांचं सांगत नाही.

मात्र वरचे खेळाडू या स्पर्धेला का जात नाहीत याला साधं गणित आहे. २७०० मानांकनाच्या वरच्या खेळाडूने तीनशे गुणांनी खालच्याशी बरोबरी केली तर एका डावात साडेतीन एलो (मानांकनाचे) गुण जातात. आणि समोरचा कझाक किंवा उझबेक पोरगा कागदावर २४०० असतो, पटावर २५५० च्या ताकदीने खेळतो. आपलीही पोरं तशीच. असे दोन-तीन डाव झाले की महिन्यांची कमाई साफ. मानांकनावर निमंत्रणं मिळतात, निमंत्रणांवर घर चालतं. देशप्रेम कमी पडतं म्हणून कोणी टाळत नाही.

एन पासां

म्हणजे ओमोनोवाला रौप्य मिळालं ते याच हिशेबात. नाव ठाऊक नसलेल्या मुलीपुढे नावाजलेल्यांनी जपून खेळायचं, आणि तिने मात्र बिनधास्त.

कोटातला राजा

उझबेकांबद्दलचा उंटरावांचा मुद्दा मला पटतो. चेन्नईच्या ऑलिंपियाडमध्ये (२०२२) त्यांनी सुवर्ण घेतलं तेव्हाच ते कळायला हवं होतं. आपल्या दुसऱ्या संघाला कांस्य मिळालं म्हणून आपण खूश, आणि तो संघ खरंच सुंदर खेळला. पण त्यांची पोरं तेव्हापासून एकत्र आहेत. बुडापेस्टलाही आपल्याला ज्यांनी दोन-दोनवर रोखलं, ते उझबेकच.

तिरका उंट

बघा! २२ पैकी २१. तो एक गुण कुणी नेला?

प्याद्याचा वजीर

आणि २१ कुणी घेतले, तेही बघा.

तारखा तेवढ्या लक्षात घ्या. २४ ऑगस्टला बाकूचा विश्वचषक संपला, २४ सप्टेंबरला हांगझोचं बुद्धिबळ सुरू झालं, ७ ऑक्टोबरला संपलं, २५ ऑक्टोबरला ग्रँड स्विस. त्या स्पर्धेतून कँडिडेट्सचं तिकीट मिळतं, आणि विदितने ते मिळवलं. हांगझोत विदितने सगळी तयारी उघडी करावी आणि अठरा दिवसांनी आयल ऑफ मॅनला रिकाम्या हाताने बसावं, असं तुम्ही त्याच्या तोंडावर सांगाल का?

तिरका उंट

सांगेन. वेई यी आणि सिंदारोव यांनी हांगझोत जीव ओतूनच खेळ केला, आणि दोन वर्षांनी गोव्याच्या अंतिम फेरीत तेच दोघे बसले होते. कोणाचं काही बिघडलं नाही.

हत्तीण

विदितवरून भांडण संपलं असेल तर पाचव्या खेळाडूचं कोणीतरी उत्तर द्या. मी अजून वाट बघतेय.