बिनसाखरेचे फळांचे मफिन : प्रमाणं, फसगती, उपाय (अनुभव धागा)

ओट्यावरची
गणपतीत आलेली केळी संपता संपत नाहीत, आणि साली काळ्या पडायला लागल्या की मला हमखास तवसळी आठवते. जून तवसं (मोठी काकडी) किसून, तांदळाचा रवा, गूळ, ओलं खोबरं, खाली-वर निखारे. आपल्याकडचा केक तोच. आता मात्र घरोघरी "साखर नको, गूळही नको, मैदा तर नकोच" अशी फर्माईश असते आणि गोडवा सगळा फळांवर सोडावा लागतो. बऱ्याच जणी-जणांचा यात हात बसलाय, तर आपापली प्रमाणं इथे लिहा. वाटी-फुलपात्र नको, ग्रॅममध्ये द्या. काय बिघडतं तेही लिहा.

माझ्यापासून सुरुवात. १० मफिन होतात.
कणीक १८० ग्रॅम, सोललेली पिकली केळी २०० ग्रॅम, बिया काढलेला मऊ खजूर १०० ग्रॅम, दूध ६० मिली, घट्ट दही ६० ग्रॅम, तेल ६० मिली, अंडं १, बेकिंग पावडर १ टीस्पून, खायचा सोडा पाव टीस्पून, मीठ पाव टीस्पून, दालचिनी अर्धा टीस्पून.
दूध चांगलं गरम करून खजूर त्यात अर्धा तास भिजवायचा आणि दुधासकटच वाटायचा. केळी काट्याने कुस्करायची, मिक्सरला लावू नका, गर पातळ होतो. ओलं सगळं एकत्र फेटून घ्यायचं. कणीक, पावडर, सोडा, मीठ, दालचिनी दोनदा चाळून त्यात घालायचं आणि कोरडं पीठ दिसेनासं झालं की हात थांबवायचा. गुठळ्या राहिल्या तरी राहू देत. साचा पाऊण भरायचा. १८० अंश, २० ते २२ मिनिटं, मधला खण, ओव्हन आधी १० मिनिटं तापवलेला.

पावशेर
केळी कुठली? वेलची की हिरव्या सालीची?

ओट्यावरची
@पावशेर कुठलीही, साल निम्मीअधिक काळी हवी. पिकताना स्टार्चची साखर होते, पिवळ्याधमक केळ्यात ती अजून पुरती झालेली नसते. वेलची असतील तर ५-६ लागतील, पण मोजू नका, वजन करा.

साखरपुडा
धाग्यात साखर बंदी आहे म्हणजे मला आयडी बदलावा लागणार 😀

खजूरपुडा कसा वाटतो?
(साखरपुड्याला सुचवणी. हा आयडी खास त्यासाठी काढलाय.)

मोजूनमापून
एक मुद्दा आधीच लिहून ठेवते, पुढचे निम्मे प्रश्न त्यातच सुटतील. साखर नुसती गोडीला नसते. ती पाणी धरून ठेवते, ग्लूटेनला (गव्हातल्या चिवट प्रथिनाला) आवळू देत नाही म्हणून मफिन मऊ राहतो, रंग आणते, शिवाय टिकाऊपणा देते. साखर काढली की ही चारही कामं दुसऱ्या कुणाला तरी नेमून द्यावी लागतात. पाणी धरायला खजुराचा गर, केळं, किसलेलं सफरचंद. मऊपणाला तेल आणि दही. रंगाला २ टेबलस्पून दुधाची पावडर, तिने गोडीही किंचित वाढते. टिकाऊपणाला काहीच नाही, त्याला फ्रीझर.
म्हणून "हेल्दी" करायच्या नादात साखर आणि तेल एकदम काढू नका. १८० ग्रॅम कणकेला ६० मिली तेल जास्त वाटत असेल तर ४० करा आणि २० ग्रॅम शिजवलेल्या सफरचंदाचा गर घाला. त्याखाली गेलात तर दडस होणार.

ठिकरी
वरून फुगतात पण कापल्यावर आत उभे उभे बोगदे दिसतात. आणि चावायला चामट. का?

मोजूनमापून
@ठिकरी जास्त ढवळल्यामुळे. ओलं-कोरडं एकत्र आल्यावर १२-१५ वेळा उलथनं फिरवलं की बास. हँड बीटर तर अजिबात नको, तो अंडं-तेल फेटण्यापुरता. कणकेतलं थोडं ग्लूटेन कमी करून बघ: १८० पैकी ४० ग्रॅम ज्वारीचं पीठ किंवा बारीक दळलेले ओट्स. ज्वारी ५० च्या वर गेली की मात्र भुगा होतो.

ठिकरी
नाचणी चालेल का?

मोजूनमापून
३० ग्रॅमपर्यंत. पुढे ती किरकिरी लागते आणि मफिन काळपट दिसतो, मुलं हात लावत नाहीत. नाचणी घातलीस तर दूध १५-२० मिली वाढव.

हडसनकाठ
अमेरिकेतून वाचणाऱ्यांसाठी: इथली होल व्हीट पेस्ट्री फ्लॉर आणि इंडियन स्टोअरमधली चक्कीची कणीक एकसारखं पाणी पीत नाहीत. चक्कीत दळताना स्टार्च जास्त तुटतो, त्यामुळे कणकेला पाणी जास्त लागतं. इथली रेसिपी कणकेने करणार असाल तर दूध २-३ टेबलस्पून वाढवा आणि मिश्रण १० मिनिटं झाकून ठेवा. इडलीच्या पिठाइतकं घट्ट दिसलं की बरोबर. आणि हो, मेपल सिरप घालून "शुगर-फ्री" म्हणू नका, तीही साखरच. मधही.

पथ्यपाणी
हडसनकाठ म्हणतात तेच जरा सविस्तर लिहितो, कारण असे मफिन घरातल्या मधुमेहींना बिनधास्त दिले जातात. वरच्या प्रमाणात खजुरातून साधारण ६५ ग्रॅम साखर येते, केळ्यांतून २४-२५, दूध-दह्यातून थोडी. म्हणजे १० मफिनमागे ९०-९५ ग्रॅम, एका मफिनमध्ये सुमारे ९ ग्रॅम, दोन चमचे साखरेइतकी. कणीक धरून एकूण कर्बोदकं एका मफिनमागे २५ ग्रॅमच्या आसपास. मध्यम पोळीत २० धरा. तेव्हा मफिन खायचा तर एक पोळी कमी, आणि एकावर थांबायचं. फळ अख्खं खाण्यात आणि गर करून खाण्यातही फरक पडतो.
पाकिटावर शुगर-फ्री छापायचं तर १०० ग्रॅममध्ये साखर अर्ध्या ग्रॅमच्या वर चालत नाही, असा आपल्याकडचा अन्न सुरक्षा नियम आहे. त्या हिशेबाने आपल्या धाग्यातलं काहीच त्यात बसत नाही. "वरून साखर न घातलेले" म्हणा हवं तर.
खजूर ५० ग्रॅम करता येतो. मग दूध ६० चं ४५ मिली करा, केळं २५० ग्रॅम घ्या, व्हॅनिला १ टीस्पून. मीठ वगळू नका, मिठाने गोडी वर येते.

रंजीस
आणि त्या गोड गोळ्या? सासऱ्यांच्या चहाच्या आहेत घरात बऱ्याच.

पथ्यपाणी
@रंजीस आधी डबीवर नाव वाचा. अ‍ॅस्पार्टेम असेल तर भट्टीत त्याची गोडी उडून जाते, चहापुरत्याच ठेवा. सुक्रालोज आणि स्टीव्हिया उष्णतेला टिकतात. पण १०० ग्रॅम साखर काढून चिमूटभर स्टीव्हिया घातला की उरलेल्या वजनाची जागा रिकामीच राहते, ती फळाच्या गराने भरावी लागते. एरिथ्रिटॉल वजनाला बरं, गोडी साखरेच्या ७० टक्के. गार झाल्यावर त्याचे खडे लागतात आणि जिभेला पुदिन्यागत थंडावा येतो. झायलिटॉल वापरणार असाल आणि घरात कुत्रा असेल तर मफिन उंच ठेवा. कुत्र्यांना ते विषारी आहे, अगदी थोडंही.

रंजीस
बाप रे. आमचा मोती तर ओट्यावर पाय टेकवून उभा राहतो.

साखरपुडा
मोतीचा फोटो टाका. मफिन राहू देत.

घोलवडची चिंगी
चिकूबद्दल कोणीच बोललं नाही? डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, जरा मान ठेवा 😀
केळ्याच्या जागी चिकूचा गर ग्रॅमला ग्रॅम घालायचा. पूर्ण मऊ हवा; जरासा कच्चा असला तर टॅनिनमुळे घसा धरतो आणि भाजल्याने ते जात नाही. साल काढा, बिया मोजून काढा, बीचा तुकडा मिक्सरमध्ये गेला की सगळं कडू. खजूर निम्मा पुरतो. दालचिनीऐवजी जायफळ. चिकू आंबट नसतो, त्यामुळे सोड्याला दह्यावरच भागवावं लागतं, दही वगळू नका. गोड विरजण नको, आदल्या दिवशीचं आंबटसर घ्या.

फळफळावळ
कुठलं फळ कसं वागतं ते एकदमच लिहिते, भाजी शिजतेय तोवर.
अननस: कच्चा घालाल तर दही-दुधाशी भिडून कडवट होतो, त्यातलं एन्झाइम दुधातली प्रथिनं तोडतं. बारीक तुकडे पॅनमध्ये ५ मिनिटं शिजवा, पाणी आटवा, मग घाला. पपई, किवी यांचंही तेच.
सीताफळ: विसरा. तापलं की कडवटपणा येतो. म्हणून तर रबडीतही गॅस बंद करून, गार झाल्यावर घालतात.
स्ट्रॉबेरी: महाबळेश्वरची असो की कुठली, पाणी फार सोडते. कापून रुमालावर पसरा, १ चमचा कणकेत घोळवा, निम्मे तुकडे मिश्रणात आणि निम्मे वरून. १८० ग्रॅम कणकेला १०० ग्रॅमच्या वर नको.
जांभूळ: चव छान, पण सोडा जास्त झाला की जांभळा रंग राखाडी-हिरवट होतो. सोडा वगळा, नुसती बेकिंग पावडर दीड टीस्पून.
संत्रं: वरची साल फक्त किसणीवर, पांढरा भाग आला की कडू. बियांसकट मिक्सरला लावू नका.
आंबा: डबाबंद रसात बहुतेकदा साखर असते, लेबल बघा. ताजा हापूसचा रस २५० ग्रॅमचा आटवून १७० करा, गोडी आणि रंग दोन्ही दाटतं.
बेदाणे: २० मिनिटं कोमट पाण्यात. कोरडेच घातले तर ते मफिनमधलं पाणी ओढून घेतात.
सूर्यफुलाच्या बिया घालणाऱ्यांनो, दुसऱ्या दिवशी आत हिरवे ठिपके दिसले तर बुरशी समजून फेकू नका. सोड्याशी संयोग होऊन बी हिरवी पडते. लिंबाचा रस १ टीस्पून घातला की होत नाही.

ठिकरी
हिरवे ठिपके!!! त्या कारणाने डब्बाच्या डब्बा गाईला घातलाय आमच्या शेजारणीने.

पागोळी
पण खरी बुरशीही येतेच हो, कोकणात पावसाळ्यात तर बघायलाच नको. साखर नसल्यामुळे बाहेर एक दिवस, फार तर दुसऱ्या सकाळपर्यंत. खरी बुरशी पृष्ठभागावर, केसाळ असते आणि कुबट वास येतो. गरम गरम डब्यात भरले की झाकणाला पाणी धरतं आणि तिथूनच सुरुवात होते. जाळीवर तासभर पूर्ण गार करा, मग एकेक गुंडाळून फ्रीझरला. महिनाभर चांगले राहतात. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात नको, कोरडे पडतात. खाताना मायक्रोवेव्हला ३० सेकंद.

कुकरवाले काका
ओव्हन नसलेल्यांसाठी. जाड बुडाचं जुनं पातेलं, तळाला बोटभर मीठ, वर स्टँड, घट्ट झाकण. मध्यम आचेवर १० मिनिटं तापवा, मग साचे ठेवून बारीक आचेवर २५ ते ३० मिनिटं. कुकर वापरलात तर शिट्टी आणि रबर दोन्ही काढायचे, पाणी घालायचं नाही. नवा कुकर घेऊ नका, कोरडा तापवून त्याची वाट लागते. वरून रंग येणार नाही, साखर नसल्यामुळे तर मुळीच नाही. आप्पेपात्र त्याहून सोयीचं: तेलाचं बोट, पाऊण भरायचं, झाकण ठेवून मंद आचेवर ६ मिनिटं, उलटून २-३. दोन्हीकडून खरपूस.

रंजीस
काका, एअर फ्रायर?

कुकरवाले काका
१६० अंशांवर १४-१५ मिनिटं. पंखा जवळ असल्याने वरचा भाग आधी लाल होतो आणि आत कच्चं राहतं, म्हणून तापमान कमी. कागदी वाट्या नुसत्या ठेवू नका, हलक्या असल्याने उडतात. सिलिकॉनच्या घ्या.

पावशेर
कागदाला निम्मा मफिन चिकटून राहतो त्याचं काय करायचं

मोजूनमापून
तेल कमी असलं की चिकटतोच. कागदाला आतून तेलाचा ब्रश फिरव आणि पूर्ण गार झाल्यावरच सोल. बटर पेपरची वाटी असेल तर प्रश्नच नाही.

ओट्यावरची
बिनअंड्याचं दोघींनी विपूत (विचारपुशीत) विचारलंय, इथेच लिहिते. अंड्याऐवजी जवसाची पूड १ टेबलस्पून + पाणी ३ टेबलस्पून, १० मिनिटं ठेवून बुळबुळीत झाली की घाला. शिवाय कणीक १५ ग्रॅम जास्त आणि केळं २०० च्या वर अजिबात नाही. अंड्याचा आधार नसताना गर जास्त झाला की ओव्हनमध्ये छान फुगतात आणि बाहेर काढल्यावर मध्ये बसतात.
टूथपिकवर फार विसंबू नका, केळ्याचा तुकडा लागला तरी ओली येते. बोटाने वरून दाबून बघा, खळगा भरून वर आला की झाला.

पागोळी
बेकिंग पावडर पावसाळ्यात सर्दावते, तेही बघा. अर्धा चमचा गरम पाण्यात टाका, जोरात फसफसली तर ठीक. सोडा तपासायचा तर लिंबाच्या रसात.

घोलवडची चिंगी
आणि मध्येच लाइट गेली तर दार उघडू नका! तापलेला ओव्हन १०-१२ मिनिटं उष्णता धरतो. लाइट आली की उरलेल्या वेळात ५ मिनिटं वाढवा.

साखरपुडा
तवसळीचं काय झालं पण? मला ती हवीय, गुळासकट.

पागोळी
@साखरपुडा तवसळी दुसऱ्या धाग्यावर, इथे गूळ दिसला तर पथ्यपाणी ओरडतील. तवसं मिळालंय का आधी? साल पिवळी-तांबूस झालेलं जूनच लागतं, सॅलडच्या काकडीची होत नाही. किसल्यावर पाणी टाकू नकोस, त्याच पाण्यात रवा भिजवायचा.

फळफळावळ
बरक्या फणसाच्या रसाचे मफिन कोणी केलेत का? सांदणाला रस गाळून घेतो तसाच घेतला तर तंतू राहत नाहीत, आणि गरे गोड असतील तर खजूर ३० ग्रॅमवर भागतं. फक्त वास दोन दिवस ओव्हनमधून जात नाही.

रंजीस
मोती नाकाने शोधेल.