निनादचं पिस्तूल आणि आमचा रविवार

आमच्या घरच्या ग्रुपचं नाव ‘पाचपाखाडी ते पनवेल’. निनाद ह्यूस्टनला गेल्यापासून नाव बदलायचं चाललंय, पण ॲडमिन आत्या आहे आणि तिला नाव बदलता येत नाही. खालचं सगळं मी, सायलीने, ग्रुपवरून उतरवलंय, सगळ्यांना विचारून. ‘आई’ म्हणजे निनादची आई, माझी काकू. गुड मॉर्निंगची फुलं आणि आत्याचे बारा फॉरवर्ड गाळलेत.

निनाद, सकाळी ७.४०
नाना, तुम्हाला एक विचारायचंय. पिस्तूल घ्यायचं चाललंय. दोन बघून ठेवलीत. एक सिग पी-३६५, चपटं, जाडी जेमतेम एक इंच, रिकामं अर्धा किलो, १० गोळ्यांचं मॅगझिन. दुसरं ग्लॉक १९, १५ गोळ्या, हातात छान भरतं, पण भरल्यावर साडेआठशे ग्रॅम. दोन्ही ९ एमएमच. कुठलं घेऊ?

आत्या, ७.४३
अरे देवा, सकाळी सकाळी हे काय

आई, ७.४४
निनू फोन उचल

आई, ७.४४
उचल

निनाद, ७.५१
आई, दुकानात गिऱ्हाईक आहे. इथे शनिवारची रात्र आहे. घरी गेलो की करतो.

आई, ७.५२
नोकरी बरी होती ती सोडून पेट्रोल पंपात भागी घ्यायला कोणी सांगितलं होतं. मी तेव्हाच म्हणत होते.

निनाद, ७.५३
नोकरी सोडली नाहीये गं. वीकेंडला पंपावर बसतो. रात्री ११ला बंद करून रोकड घेऊन एकटा गाडीपर्यंत जायचं असतं. गेल्या महिन्यात समोरच्या दुकानात झालं, म्हणून.

सायली, ८.०५
‘झालं’ म्हणजे काय झालं ते नीट सांग, नाहीतर काकू आज जेवणार नाहीत. आणि तुला घेता येतं का? व्हिसावर बंदी होती ना?

निनाद, ८.०९
गल्ला नेला. कोणाला लागलं नाही. आणि हो, एच-वन-बी वगैरेवर असताना शिकारीचा परवाना असले अपवाद सोडले तर बंदूक जवळ ठेवणंच गुन्हा. आता ग्रीन कार्ड आहे, त्यामुळे चालतं. दुकानात फॉर्म भरायचा, ते सरकारी तपासणी करतात, मग देतात. टेक्ससमध्ये १ सप्टेंबर २०२१पासून २१ वर्षांवरच्याला कमरेला लावायलाही परवाना लागत नाही.

राजादादा, ८.१४
😂😂 आणि मी इथे किती चपला झिजवल्या! पोलीस आयुक्तालय, चौकशी, शेजाऱ्यांचे जबाब, डॉक्टरचं सर्टिफिकेट, वर हत्यार हाताळायचं ट्रेनिंग. शेवटी मिळालं काय, बत्तीस बोअर (बोअर म्हणजे नळीच्या भोकाचं माप). तुझं ९ एमएम इथे प्रतिबंधित बोअरमध्ये येतं बाबा, साध्या माणसाला मिळायचंच नाही.

(राजादादाचं सोन्याचांदीचं दुकान आहे. त्याच्या रिव्हॉल्व्हरबद्दल घरात कोणी फारसं बोलत नाही. दसऱ्याला पूजेत मात्र ते मध्यभागी असतं.)

निनाद, ८.१६
दादा, तू कमरेला लावतोस ना? कसं वाटतं?

राजादादा, ८.२२
खरं सांगू? पहिले दोन महिने लावलं. कानपूरचं, सहा गोळ्यांचं, पाऊण किलोच्या आतबाहेर. खुर्चीत बसलं की बरगडीला टोचतं. एकदा एक बाई मंगळसूत्र बघत होत्या. मी खालच्या खणातून ट्रे काढायला वाकलो, शर्ट वर सरकला. बाई म्हणाल्या, नंतर येते. परत आल्या नाहीत. तेव्हापासून ते आतल्या तिजोरीत. म्हणजे वेळ आली तर मी चोराला म्हणणार, थांब हं, किल्ली शोधतो.

राजादादा, ८.२४
२०१४ला ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर आलं होतं, टायटॅनियमचं, ५०० ग्रॅम. तेव्हा किंमत १ लाख २२ हजार ऐकून मागे फिरलो. आता वाटतं घ्यायला हवं होतं. निनाद, माझं ऐक, बारीकच घे. जड ते घरी राहतं.

आत्या, ८.३०
आपली राही सरनोबत किती सुंदर मारते पण. २०१८ला एशियाडचं सुवर्ण. कोल्हापूरची. तिच्यासारखं घे.

निनाद, ८.३१
आत्या 🙏

नाना ऐरोलीच्या खाडीकडून फिरून नऊ वाजता येतात. चोवीस वर्षं सैन्यात आर्मरर होते, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करायची, तपासायची. फोनवर एका बोटाने लिहितात आणि ‘पाठवा’चं बटण प्रत्येक परिच्छेदाला दाबतात.

नाना, ९.१२
वाचलं सगळं. निन्या, दोन्ही मारून बघितलीस की नुसती दुकानात हातात घेतलीस?

निनाद, ९.१५
रेंजवर भाड्याने घेतली, ५०-५० गोळ्या. ७ यार्डांवर. ग्लॉकच्या सगळ्या बशीएवढ्या जागेत. सिगच्या ताटात, आणि ३ ताटाबाहेर. वर अंगठा आणि तर्जनीमधली कातडी लाल झाली.

नाना, ९.२४
होणारच. गोळी तीच, दारू तेवढीच, पिस्तूल हलकं. मग धक्का जाणार कुठे? तुझ्या हातात.

नाना, ९.२९
आखूड मुठीवर करंगळी हवेत राहते. करंगळी पकडीत नसली की पिस्तूल गोळीगणिक हातात फिरतं आणि दर वेळी पकड नव्याने बसवावी लागते. नेम धरायची पुढची माशी आणि मागची खाच यांच्यात अंतर कमी, म्हणून हाताची चूक तेवढीच असली तरी निशाण्यावर ती मोठी होऊन दिसते.

नाना, ९.३६
वंदीने, म्हणजे तुमच्या आत्याने, राहीचं नाव घेतलं ते हसण्यावारी नेऊ नका. तिच्या २५ मीटरच्या प्रकारातलं पिस्तूल पॉइंट बावीसचं, नियमाने १४०० ग्रॅमपर्यंत चालतं, आणि चाप ओढायला जोर कमीत कमी १००० ग्रॅमचा. म्हणजे चाप हत्यारापेक्षा हलका ठेवता येतो. तुझं सिग अर्धा किलो आणि चाप दोन-अडीच किलोचा. बोट चाप ओढतं तेव्हा चापाबरोबर अख्खं पिस्तूल ओढलं जातं. तुझ्या तीन गोळ्या तिथे गेल्या. बहुतेक डावीकडे खाली?

निनाद, ९.३७
😳 हो. तिन्ही.

आत्या, ९.३८
बघा. मला हसता.

राजादादा, ९.४०
म्हणजे नाना, मोठं घेऊ दे म्हणता?

नाना, ९.४९
थांब. आमच्याकडे ९ एमएम वन-ए होतं, ईशापूरचं, १३ गोळ्यांचं. भरलं की किलोच्या वर. मारायला लोण्यासारखं. पण ते उघड्या पट्ट्यावर, गणवेशावर. निन्या ते टी-शर्टाखाली लपवणार, ह्यूस्टनच्या उकाड्यात. तिकडे म्हणे आपल्या मे महिन्यासारखं चिकट असतं.

निनाद, ९.५१
त्याहून वाईट. आणि लपत नाही हाच प्रॉब्लेम आहे. ग्लॉक कमरेला लावून आरशात बघितलं, उजव्या बाजूला खिशात वांगं ठेवल्यासारखं दिसतं. इथे त्याला ‘प्रिंटिंग’ म्हणतात.

नाना, ९.५८
ते मुठीमुळे. नळी लांब असली तर विजारीत खाली जाते, कोणाला दिसत नाही. मूठ पट्ट्याच्या वर राहते, वाकलं की तीच शर्ट उचलते. राजाचं तेच झालं. लोक मात्र नळीची लांबी बघत बसतात.

निनाद, १०.०१
मग ग्लॉक ४३-एक्स? चपटं, पण मूठ १९एवढी लांब. १० गोळ्या. रेंजवाल्याने तेच सुचवलं होतं.

नाना, १०.०६
तुझा पंजा मोठा आहे, लहानपणी लाडू दोन उचलायचास. मारायला ते बरं जाईल. लपायला सिगहून थोडं अवघड. ते मधलं आहे, मधल्याचे फायदे तोटे दोन्ही मिळतील.

आई, १०.०८
भाऊजी, तुम्हीसुद्धा?

आई, १०.०८
मला वाटलं तुम्ही नको म्हणाल.

यानंतर ग्रुपवर अर्धा तास कोणी काही लिहिलं नाही. तिकडे साडेअकरा वाजले होते, निनाद दुकान बंद करत असावा. इकडे राजादादाने मिसळीचा फोटो टाकला आणि लगेच काढला.

नाना, १०.४१
वहिनी, मी नको म्हटलं तर तो मला न विचारता घेईल. विचारतोय तोवर बोलू दे.

नाना, १०.४८
निन्या, गोळ्या किती आणि जाडी किती हे बाजूला ठेव. मला दिवस सांग. शनिवारी सकाळपासून रात्रीपर्यंत ते पिस्तूल किती वेळा कमरेवरून उतरेल?

निनाद, ११.१९
आत्ता घरी आलो. मोजतो. मनूला पोहायला सोडतो ते शाळेच्या आवारात, तिथे नेता येत नाही. पोस्टात नाही. वाटेत एक-दोन दुकानं आहेत, दारावर बंदीची पाटी आहे. बारला लाल पाटी असते, पण मी जात नाही (आई वाचतेय). गाडीत लांब बसायचं झालं तर मोठं टोचेल, काढून ठेवीन. घरी आलो की काढणार. पाच वेळा.

नाना, ११.२७
सैन्यात २४ वर्षांत मी जेवढे अपघात ऐकले त्यात शत्रू कुठेच नव्हता. हत्यार काढताना, ठेवताना, पुसताना, ‘रिकामं आहे’ म्हणून दाखवताना. पाच वेळा काढणार म्हणजे पाच वेळा परत खोचणार. तुझ्या ग्लॉकला वेगळा सेफ्टी खटका नाही, जे आहे ते चापातच. जॅकेटची दोरी पिस्तुलाच्या पाकिटात अडकली आणि तू दाबून बसवलंस तर ती दोरीच चाप ओढेल. चाप पूर्ण झाकणारं टणक पाकीट, जाड पट्टा, आणि खोचताना मान खाली घालून बघायचं. पिक्चरमधल्यासारखं न बघता खोचायचं नाही.

नाना, ११.३३
आणि गाडीत काढून ठेवलेलं पिस्तूल हे तुझं नसतं. काच फोडणाऱ्याचं असतं.

राजादादा, ११.३५
म्हणजे बारीक. जे उतरवावं लागत नाही ते.

नाना, ११.३९
बारीक घेतलं तर महिन्याला रेंजवर जायला हवं, आणि ते बोचतं म्हणून माणूस जात नाही. राजा, तू शेवटची गोळी कधी मारलीस?

राजादादा, ११.४०
नाना नेटवर्क नाहीये

सायली, ११.४४
😂 राजादादाचं रिव्हॉल्व्हर २०२४मध्ये दोनदा पोलीस स्टेशनात जमा होतं, लोकसभेला आणि विधानसभेला. तिथे विश्रांतीच झाली त्याची.

राजादादा, ११.४६
हसा. परत घ्यायला गेलो तर पावती एकाकडे, किल्ली दुसऱ्याकडे, दुसरा बंदोबस्ताला. तीन खेपा. तेवढ्यात सराफ कट्ट्यावर सगळ्यांना कळलं की माझ्याकडे सध्या नाहीये.

आई, ११.५०
माझं कोणी ऐकणार आहे का? रोकड रात्री न्यायचीच कशाला? दुपारी बँकेत टाका. रात्री दोघं थांबा. दिव्याखाली गाडी लावा.

नाना, ११.५४
वहिनी पहिल्या नंबरचं बोलल्या. निन्या, हे उद्यापासून कर, पिस्तूल घे किंवा नको.

निनाद, ११.५७
भागीदाराशी बोलतो. खरंच बोलतो आई.

सायली, दुपारी १२.०२
एक कायद्याचं. टेक्ससमध्ये निष्काळजीपणे ठेवलेलं भरलेलं हत्यार १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागलं तर तो गुन्हा धरतात. मनू चार वर्षांची आहे. घरी कुठे ठेवणार?

निनाद, १२.०४
कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर, मागे. माझाच हात जेमतेम पोचतो. पेटी नंतर घेईन, चांगल्या पेटीला बरेच पैसे पडतात.

नाना, १२.१०
तुझ्याकडे सकाळ झाली की त्या फळीवर चॉकलेटचा डबा ठेव, मागे, जिथे पिस्तूल ठेवणार तिथेच. मनूच्या देखत ठेव. तिला काही सांगू नको. मग मला कळव, कुठलं घ्यायचं ते आपण परवा ठरवू.

आत्या, १२.१२
दात किडतील पोरीचे

सोमवारी ग्रुपवर संकष्टीचे चंद्रोदय, पाणी कपातीची सूचना आणि राजादादाच्या दुकानाची जाहिरात एवढंच होतं. मंगळवारी सकाळी:

निनाद, ६.५५
नाना

निनाद, ६.५५
डबा रिकामा आहे.

नाना, ६.५८
किती वेळात?

निनाद, ७.०१
मी अंघोळीला गेलो होतो. केतकी फोनवर होती. कपड्यांची टोपली उलटी करून ठेवलेली, तिच्यावर छोटं स्टूल. आणि डबा परत वर, जागच्या जागी, मागे सरकवून ठेवलाय.