तोन्कात्सु (ब्रेडच्या चुऱ्यात घोळवून तळलेलं जपानी पोर्क) : कुठे खाल्लात, कोणता आवडला? (अनुभव धागा)

नागोया_रिटर्न
काल दुकानात पान्कोचं (जपानी ब्रेडक्रम्सचं) पाकीट दिसलं आणि मन थेट जपानला, नागोयाला पोचलं. नोकरीनिमित्त तिथे होतो तेव्हा ऑफिसची मंडळी मिसो-कात्सु (मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट) खायला न्यायची. इतरत्र तोन्कात्सुवर आंबटगोड तपकिरी सॉस असतो, नागोयात मात्र हात्चो मिसोचा काळपट, दाट सॉस. हा मिसो शेजारच्या ओकाझाकीचा, नुसत्या सोयाबीनचा, दोन उन्हाळे दोन हिवाळे मुरवलेला. तापलेल्या लोखंडी ताटलीत खाली कोबी, वर कात्सु, आणि वाढणारी बाई समोर उभी राहून सॉस ओतायची. चर्र आवाज, वाफ, सगळं टेबल गप्प! आधी खारट-कडवट लागतं, गोडवा मागून येतो. माझ्या मते यापुढे बाकीचे कात्सु फिके. रोसु (कमरेचा, चरबीवाला तुकडा) की हिरे (बिनचरबीचा मऊ तुकडा) तेही लिहा. मी रोसुवाला, कडेची चरबी हवीच.

सई_वाशी
हिरे. विषय संपला 😄 इतकं मऊ की चॉपस्टिकने तुटतं.

फुकुईची_पाहुणी
फिके?? काका, फुकुईला या एकदा. पीएचडीला तिथे होते. तिथे नुसतं कात्सुदोन (वाडग्यात भातावर कात्सु, एरवी अंडं-कांद्यासोबत) मागितलं की अंडं नाही, कांदा नाही, कोबीसुद्धा नाही. गरम भातावर पातळ कुरकुरीत कात्सु, सॉसमध्ये बुडवून काढलेले, बस. योरोप्पाकेन नावाचं जुनं हॉटेल आहे, त्याचे संस्थापक जर्मनीत स्वयंपाक शिकून आले होते. दुकान आधी तोक्योत होतं, 1923 च्या भूकंपानंतर ते गावी फुकुईला परतले. वाडग्यावर झाकण असतं. वरचे एकदोन कात्सु त्या झाकणात काढून ठेवायचे आणि मग निवांत भात खायचा. बाहेर गुडघाभर बर्फ असताना त्या वाडग्याने किती आधार दिलाय सांगू! बाकी नंतर लिहिते, कुकर लावलाय.

कोबीप्रेमी
कोबीवर कोणीच का बोलत नाहीये? केसासारखा बारीक चिरलेला, पाहिजे तितका परत घ्या. तोक्योतल्या गिंझाच्या रेंगातेई हॉटेलने 1899 च्या सुमारास पोर्कचं कात्सुरेत्सु (म्हणजे कटलेट) सुरू केलं असं सांगतात, कच्च्या कोबीची जोडही तिथलीच. तळणाचा जडपणा त्याने जातो. आणि ते छोट्या खलात तीळ कुटायला देतात ना, त्या वासानेच भूक दुप्पट होते.

मडगावकार
आमच्या गोव्यात कटलेट म्हणजे मांसाचा पातळ काप ठेचून, आलं-लसूण-व्हिनेगर लावून, रव्यात घोळवून तव्यावर शॅलो फ्राय. पावात घालून खायचं. जहाजावर होतो तेव्हा कोबेला उतरून पहिल्यांदा तोन्कात्सु खाल्ला. दोन बोटं जाड तुकडा, मसाला म्हणून फक्त मीठ-मिरी. आधी वाटलं फिका लागणार. पण मांसाची स्वतःची चव इतकी स्वच्छ की मसाल्याची आठवणच आली नाही. सोबत पिवळी मोहरी, नाकात जाणारी.

निशिकासाई_आई
आमच्याकडे हे शाकाहारी. त्यांच्यासाठी कोरोक्के (तळलेली टिक्की) मागवायचो, बटाट्याचं म्हणून. मग कळलं की बऱ्याच दुकानांत तळण डुकराच्या चरबीत असतं, आणि कोरोक्केत खिमाही असू शकतो. नव्याने जाणाऱ्यांनी आधी विचारा.

सई_वाशी
अरे देवा. मग ताई, ते खायचे काय?

निशिकासाई_आई
घरचा डबा गं. मुलगा मात्र कात्सु-करीवर वाढलाय. आमटीभात एका ताटात आणि कात्सु-करी दुसऱ्या, दोन्ही तितक्याच प्रेमाने. ही म्हणे 1948 ला गिंझातल्या एका हॉटेलात चिबा शिगेरु या बेसबॉलपटूच्या फर्माइशीवरून सुरू झाली. करीवर कात्सु ठेवा म्हणाला, भूक मोठी आणि घाई. गणपतीला कोणी तोक्योत आहे का?

कोबीप्रेमी
मी आहे! व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

ट्रेनमधून
तोक्योतल्या उएनोचं कात्सुसांदो, म्हणजे कात्सुचं सँडविच. ब्रेड मऊ, आत सॉस मुरलेला, गार झाला तरी छान. गेइशांच्या ओठांचा रंग बिघडू नये म्हणून तुकडे लहान कापतात. शिनकान्सेनमध्ये (बुलेट ट्रेनमध्ये) हाच खायचो. ठाणे आलं, उतरतो.

फुकुईची_पाहुणी
आले परत. घरी करणाऱ्यांसाठी: चरबी आणि मांस यांच्यामधली शीर सुरीच्या टोकाने चार ठिकाणी तोडा, नाहीतर तळताना तुकडा वळतो. मीठ-मिरी, मैदा, अंडं, पान्को. तेल 170 अंशाच्या आसपास. काढल्यावर टिश्यूवर नको, जाळीवर उभा ठेवा, म्हणजे खालची बाजू मऊ पडत नाही. थोडं थांबून मगच कापा.

नागोया_रिटर्न
वा! त्या झाकणाची गोष्ट फार आवडली. पोर्क पुण्यात कुठून आणता कोणी?

मडगावकार
खाटकाला कमरेचा भाग सांगा, चरबी ठेवून, दीड-दोन सेंटीमीटर जाड.

सई_वाशी
पान्को नसेल तर?

फुकुईची_पाहुणी
शिळा ब्रेड कडा काढून जाड किसणीवर किस. बारीक पूड करू नकोस, टोकं राहू देत.

कोबीप्रेमी
आणि कोबी चिरून पाच मिनिटं बर्फाच्या पाण्यात, मग अगदी कोरडा निथळा 🙏